दारं कोण धरतं? : दृष्टिपटलातल्या रक्तप्रवाहाचा शोध

पाऊस सरला आणि हवा निवळली, की आश्विनात पुण्यावर काही दिवस स्वच्छ निळं आकाश असतं. अशा दिवशी सकाळी वेताळ टेकडीवर किंवा पर्वतीवर जावं, सूर्याकडे पाठ करावी आणि आकाशाच्या एकाच निळ्या तुकड्यावर नजर स्थिर ठेवावी. दहा-पंधरा सेकंदांत बारीक चमकदार ठिपके दिसू लागतात. ते सरळ जात नाहीत. वळणावळणाच्या वाटांनी झपकन पळतात आणि नाहीसे होतात. एक ठिपका ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने थोड्या वेळाने दुसरा जातो. मनगटावरच्या नाडीवर बोट ठेवून पाहिलं, तर ठोक्याबरोबर त्यांचा वेग किंचित वाढतो हेही ध्यानात येतं.

हे ठिपके आकाशात नसतात. आपल्याच दृष्टिपटलातल्या केशवाहिन्यांतून धावणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी आपल्याला दिसत असतात. तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषून घेतात, पांढऱ्या घेत नाहीत. त्यामुळे तांबड्या पेशींच्या रांगेत जिथे एखादी पांढरी पेशी येते, तिथे प्रकाशाला क्षणभर खिडकी मिळते. जर्मन नेत्रवैद्य रिचर्ड शीरर यांनी १९२४मध्ये याचं वर्णन केलं. वय वाढलं की डोळ्यांपुढे तरंगणारे काळे धागे किंवा ‘माश्या’ दिसतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही. त्या नजरेबरोबर सावकाश हलतात, हे ठिपके ठरलेल्या वाटा सोडत नाहीत. आणखी एक गंमत पाहावी. नजरेच्या अगदी मध्यावर ठिपके कधीच दिसत नाहीत. तिथे सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाच्या जागेत केशवाहिन्याच नाहीत. सर्वांत तीक्ष्ण दृष्टीच्या जागी प्रकाशाच्या वाटेत काही आडवं येऊ नये, अशी ही रचना आहे.

आपल्या शरीरातला केशवाहिन्यांमधला रक्तप्रवाह कोणत्याही उपकरणाशिवाय पाहण्याची सोय आपल्याला फक्त इथे आहे. या लेखातला प्रश्न या वाटांविषयीचाच आहे. कोणत्या वाटेने किती रक्त जावं, हे ठरवतं कोण?

हुकूम कुठून येतो?

शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मी हा प्रश्न दरवर्षी वर्गात विचारत असे. निम्मे विद्यार्थी ‘हृदय’ म्हणत, उरलेले ‘मेंदू’. दोन्ही उत्तरांत थोडं तथ्य आहे. हृदय दाब देतं. आणि शरीराच्या बऱ्याच भागांत मेंदूकडून निघालेल्या स्वायत्त मज्जातंतूंच्या आज्ञेने रक्तवाहिन्या आकसतात किंवा सैलावतात. थंडीत बोटं पांढरी पडतात, लाजेने चेहरा लाल होतो, ते त्यामुळेच.

दृष्टिपटल मात्र वेगळं आहे. डोळ्याच्या मागच्या भिंतीतून आत शिरल्यावर दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांबरोबर असे मज्जातंतू जातच नाहीत. दृष्टिपटलाच्या मागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा दाट गालिचा असतो. डोळ्यात येणाऱ्या रक्ताचा फार मोठा वाटा त्याच्याकडे जातो आणि त्याला मज्जातंतूंचा पुरवठा भरपूर असतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशी या मागच्या गालिच्यावर जगतात. पण टिपलेल्या प्रकाशाचा अर्थ लावून तो पुढे पाठवणारे आतले थर दृष्टिपटलाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असतात आणि तिथे वरून हुकूम येत नाही.

आपल्याकडच्या शेतीतला दाखला इथे चपखल बसतो. कालव्याला पाणी केव्हा सोडायचं, हे पाटबंधारे खातं ठरवतं. पण पाणी शेतात आलं, की ‘दारं धरणारा’ माणूस खोरं घेऊन पाटाच्या कडेला उभा असतो. वाफा भिजला की तो मातीचं दार बंद करतो आणि पुढच्या वाफ्याचं उघडतो. त्याला खात्याचा आदेश लागत नाही, वाफ्याकडे पाहून त्याला कळतं. दृष्टिपटलाचा कारभार असा आहे. चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन या केंब्रिजच्या दोन शास्त्रज्ञांनी १८९०मध्ये मेंदूबद्दल अशीच कल्पना मांडली होती. पेशींच्या कामातून तयार होणारी रसायनंच जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, असं त्यांचं म्हणणं होतं. दृष्टिपटल हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग असल्याने तीच कल्पना इथे लागू पडते. शिवाय इथे बुबुळातून आत डोकावून ती तपासताही येते.

दार उघडण्याच्या तीन खुणा

दारं धरणारा तीन गोष्टींकडे पाहतो. पहिली गोष्ट म्हणजे दाब. धमनीतला दाब वाढला, की तिच्या भिंतीतले स्नायू ताणले जातात आणि उलट आकसतात, म्हणून पुढचा प्रवाह जवळजवळ तेवढाच राहतो. अय्यंगार गुरुजींच्या पुण्यात याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. शीर्षासनात डोळ्याच्या आतला दाब सुमारे दुप्पट होतो, असं भारतातल्याच ७५ योगसाधकांवरच्या, २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. डोकं हृदयाच्या खाली गेल्याने डोळ्याकडच्या धमन्यांतला दाबही त्याच वेळी वाढतो. या दोन्हींचा मेळ दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या घालतात, म्हणून निरोगी माणसाला डोक्यावर उभं राहूनही नीट दिसत राहतं. काचबिंदू झालेल्या माणसात ही तडजोड कमकुवत असू शकते आणि वाढलेला दाब दृष्टीच्या नसेला मारक ठरतो. म्हणूनच अशांना शीर्षासन टाळायला सांगतात.

दुसरी गोष्ट म्हणजे काम. डोळ्यावर लुकलुकणारा प्रकाश टाकला, की दृष्टिपटलातल्या मज्जापेशी जास्त काम करतात आणि काही सेकंदांत जवळच्या बारीक धमन्या रुंदावतात. कामात असलेल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्यांच्याभोवतीच्या म्युलर पेशी आणखी काही रसायनं सोडतात आणि धमनीचे स्नायू सैलावतात. रुंदी जेमतेम काही टक्क्यांनी वाढते. पण नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. त्यामुळे धमनी ५ टक्के रुंदावली तर प्रवाह सुमारे २१ टक्के वाढू शकतो. दार बोटभरच उघडतं, पण पाणी बरंच सुटतं.

तिसरी आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऑक्सिजन. निरोगी माणसाला काही मिनिटं शुद्ध ऑक्सिजन हुंगायला दिला, तर त्याच्या दृष्टिपटलातला रक्तप्रवाह वाढत नाही, उलट निम्म्याहून कमी होतो. वाफा ओला आहे असं दिसलं, की दारं धरणारा दार लावतो, तसंच हे.

या साऱ्या गोष्टी मोजता येऊ लागल्या त्याला फार काळ लोटलेला नाही. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण जगापुढे आणलं, तेव्हा जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या पहिल्यांदा दिसल्या. पण त्यांतलं रक्त किती वेगाने वाहतं, हे कळायला लेझर यावा लागला. १९७२मध्ये चार्ल्स रिव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या डोळ्यात लेझरचा किरण सोडून परतलेल्या प्रकाशाच्या कंपनसंख्येतल्या फरकावरून रक्ताचा वेग मोजला. पुढे १९८०मध्ये रिव्हा आणि पेट्रिग यांनी टेकडीवरच्या त्या ठिपक्यांचाही उपयोग केला. माणसाने निळ्या पडद्याकडे पाहायचं आणि संगणकाने काढलेल्या ठिपक्यांचा वेग आपल्याला दिसणाऱ्या ठिपक्यांशी जुळवायचा, अशी ती पद्धत होती.

ऑक्सिजनच्या बाबतीत प्रयोगशाळेने एक धडाही दिला. काचेच्या बशीत ठेवलेल्या मेंदूच्या कापांना भरपूर ऑक्सिजन दिला, की पेशींनी मागणी करूनही रक्तवाहिन्या नीट रुंदावत नसत. जिवंत प्राण्यात मात्र तसं होत नसे. २०११मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदराच्या दृष्टिपटलावर दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी करून याचा उलगडा केला. जिवंत प्राण्याने शुद्ध ऑक्सिजन हुंगला तरी ऊतीतला ऑक्सिजन थोडाच वाढतो. बशीत मात्र तो थेट ऊतीवर जाऊन आदळतो. जिवंत दृष्टिपटल जादा ऑक्सिजनपासून आपला बचाव करतं.

हा बचाव प्रौढाच्या डोळ्याला तारतो. एका वेगळ्या डोळ्यात मात्र तोच घात करतो.

काचेच्या पेटीतलं बाळ

गर्भातल्या बाळाच्या दृष्टिपटलात सोळाव्या आठवड्यापर्यंत रक्तवाहिन्या नसतात. मग त्या मधल्या नसेपासून कडेकडे वाढत जातात आणि नाकाकडच्या कडेला सुमारे ३६व्या, तर कानशिलाकडच्या कडेला सुमारे ४०व्या आठवड्यात पोहोचतात. त्यांना पुढे ओढणारी गोष्ट म्हणजे ऑक्सिजनची टंचाई. जिथे रक्तवाहिनी पोहोचलेली नाही, तिथल्या पेशी ऑक्सिजनसाठी आसुसतात आणि रक्तवाहिनी वाढवणारं एक प्रथिन सोडतात. आयझॅक मायकेलसन यांनी १९४८मध्ये असा पदार्थ असावा असा अंदाज केला. १९८९मध्ये तो वेगळा काढला गेला. आज त्याला ‘व्हीईजीएफ’ म्हणतात. पोटातल्या बाळाच्या रक्तात ऑक्सिजन प्रौढाच्या मानाने पुष्कळच कमी असतो आणि या बांधकामाला तोच मानवतो.

आता अपुऱ्या दिवसांचं, २८-३० आठवड्यांचं बाळ घ्या. त्याच्या दृष्टिपटलात पाट अर्धाच खणलेला असतो. ते काचेच्या पेटीत ठेवलं जातं आणि जगावं म्हणून त्याला ऑक्सिजन दिला जातो. दृष्टिपटलाला वाटतं, वाफा ओला आहे. कोवळ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वाढ थांबवतात. प्रौढाच्या रक्तवाहिन्या नंतर पुन्हा उघडतात. बाळाच्या मात्र व्हीईजीएफशिवाय जगू शकत नाहीत, त्या मरून जातात. काही आठवड्यांनी बाळ सुधारतं, ऑक्सिजन बंद होतो. दरम्यान दृष्टिपटल वाढलेलं असतं, त्याची भूकही वाढलेली असते आणि कडेच्या भागात रक्त नसतं. मग ते व्हीईजीएफचा पूर सोडतं. त्याबरोबर वेड्यावाकड्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटतात, त्यांच्याभोवती व्रणाचे तंतू तयार होतात आणि ते दृष्टिपटल ओढून भिंतीपासून सोडवतात. त्यानंतर अंधत्व येतं.

बोस्टनच्या टेरी यांनी १९४२मध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला. पुढच्या बारा-तेरा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० मुलं त्याने आंधळी झाली आणि ती मुख्यतः चांगली रुग्णालयं असलेल्या श्रीमंत देशांतली होती. १९५१मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. लंडनच्या नॉर्मन ॲश्टन यांनी मांजरीच्या पिलांवर ते सिद्ध केलं, कारण जन्मतेवेळी त्यांच्याही दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या अपुऱ्याच असतात. मग ऑक्सिजन हात आखडून दिला जाऊ लागला. आंधळेपण घटलं, पण त्याचीही किंमत होती. १९७३मध्ये ब्रिटनमधल्या क्रॉस यांनी अंदाज मांडला, की एकेका बाळाची नजर वाचवताना सुमारे सोळा बाळं ऑक्सिजनअभावी दगावली असावीत. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीनेही तोच पेच दाखवला. रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८५ ते ८९ टक्क्यांच्या दरम्यान ठेवलं तर डोळ्याचा आजार कमी होतो, पण मृत्यू वाढतात. ९१ ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान जास्त बाळं जगतात. म्हणून आज ढोबळमानाने हीच मर्यादा पाळतात आणि जो धोका उरतो त्यासाठी डोळे तपासतात. डोळे वाचवण्यासाठी ऑक्सिजन नाकारणं हा उपाय नाही. उपाय म्हणजे ऑक्सिजन मोजून देणं आणि वेळेत पाहणं.

सव्वा महिना

भारतात दरवर्षी सुमारे ३० लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मतात. गेल्या दोन-तीन दशकांत तालुक्याच्या गावांपर्यंत नवजात अतिदक्षता कक्ष पोहोचले आणि पूर्वी जी बाळं हाती लागली नसती ती जगू लागली. हे मोठंच काम झालं. पण ऑक्सिजनमध्ये हवा मिसळून देणारं यंत्र आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हे दोन्ही सगळीकडे ऑक्सिजनच्या सिलिंडरइतक्या वेगाने पोहोचले नाहीत. नुसत्या सिलिंडरमधून शुद्ध ऑक्सिजन येतो. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत हा आजार आता फार लहान बाळांतच गंभीर होतो, तर आपल्याकडे दीड-दोन किलोच्या बाळांतही होताना दिसतो.

पुण्यात मोहम्मदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातल्या डॉ. सुचेता कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी या आजाराने आंधळ्या झालेल्या मुलांच्या पालकांशी बोलून एक अभ्यास केला, तो २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाला उशिरा का आणलं, हा त्यांचा प्रश्न होता. मुख्य कारण पालकांचा निष्काळजीपणा नव्हता. बहुतेकांना डोळे तपासायचे असतात हे वेळेत कुणी सांगितलंच नव्हतं.

हे वाचताना मला आपल्या घराघरातली एक रीत आठवते. बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी, म्हणजे पुण्यातल्या रुग्णालयातून सुटलेलं बाळ दुसऱ्या दिवशी सोलापूर किंवा बीडच्या एखाद्या गावात असतं. आता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या सूचना पाहा. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर त्याची पहिली नेत्रतपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांपूर्वीचं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं असेल, तर दोन ते तीन आठवड्यांतच. म्हणजे तपासणीची वेळ नेमकी सव्वा महिन्याच्या आत येते. त्या वेळी बाळ दूध पिऊ लागलेलं असतं, वजन वाढत असतं, आजी खुशीत असते. दृष्टिपटलात मात्र नेमका तेव्हाच टंचाईचा पूर सुरू होत असतो. बाहेरून डोळा नितळ दिसतो. बुबुळात पांढरं दिसू लागेपर्यंत चार-पाच महिने गेलेले असतात आणि बहुधा काही करण्यासारखं उरत नाही.

वेळेत कळलं तर मात्र उपाय आहे. रक्त न पोहोचलेल्या कडेच्या भागावर लेझर देऊन त्याची भूकच शमवायची किंवा व्हीईजीएफला रोखणारं औषध डोळ्यात टोचायचं. निर्णय झाल्यावर दोन-तीन दिवसांत हे व्हावं लागतं. १९९६मध्ये चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात २९व्या आठवड्यात, १२५० ग्रॅम वजनाची एक मुलगी जन्मली. तिची ही तपासणी झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई देण्याचा निकाल दिला. तपासणीला लागतात ते बाहुली रुंदावणारे थेंब, एक भिंग, डोक्यावर लावायचा दिवा आणि शिकलेला डॉक्टर.

साखरेच्या घरात

बाळाच्या बाबतीत फसवी खूण ऑक्सिजनमुळे मिळते, मोठ्या माणसाच्या बाबतीत साखर त्या खुणा पुसते. केशवाहिन्यांच्या बाहेरच्या बाजूला परिपेशी नावाच्या पेशी मिठी मारून बसलेल्या असतात. दृष्टिपटलात त्यांचं प्रमाण शरीरात सर्वांत जास्त, अस्तराच्या जवळजवळ एका पेशीमागे एक असं आहे. केशवाहिनी आवळण्या-सैलावण्यात त्यांचा नेमका किती हात असतो, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. पण मधुमेहात सर्वांत आधी मरणाऱ्या पेशींत त्या असतात, हे बोस्टनच्या कोगन आणि सहकाऱ्यांनी १९६१मध्ये दाखवलं. लुकलुकत्या प्रकाशाने मधुमेही माणसाच्या धमन्या कमी रुंदावतात, आणि डॉक्टरांना दृष्टिपटलावर एकही डाग दिसत नसताना हे घडलेलं असू शकतं. रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो आणि समाधानाने घरी जातो.

पुण्याला हे जास्तच लागू आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून जवळच्या सहा गावांत सुरू केलेल्या अभ्यासात दिसलं, की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांहून हलकी आणि स्नायूंनी बारीक असली, तरी त्यांच्या शरीरात चरबीचं प्रमाण मात्र टिकून असतं. मधुमेहाकडचा कल त्यामुळे जन्मापासून येतो. देशात मधुमेही १० कोटींवर गेल्याचं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने सांगितलं. त्यांतल्या प्रत्येकाने नीट दिसत असतानाच वर्षातून एकदा बाहुली रुंदावून दृष्टिपटल तपासून घ्यायला हवं.

शीरर यांच्या ठिपक्यांपासून सव्वा महिन्यापर्यंतचा हा प्रवास एकाच गोष्टीकडे आणतो. दृष्टिपटल आपल्या रक्ताचा हिशोब आपणच ठेवतं, मेंदूला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे हिशोब बिघडला तर त्याची वर्दी आपल्याला आतून मिळत नाही. ती बाहेरून, दुसऱ्या कुणीतरी पाहूनच मिळवावी लागते. तेव्हा नात्यात, शेजारी कुणाचं बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं, तर झबलं-टोपडं घेऊन जाताना एक चौकशी अवश्य करावी. रुग्णालयातून मिळालेल्या कार्डावर डोळे तपासण्याची तारीख लिहिली आहे का? नसेल, तर त्याच दिवशी बाळाच्या डॉक्टरांना फोन करावा. आणि ती तारीख सव्वा महिन्याच्या आत असेल, तर रीत बाजूला ठेवून बाळाला घेऊन निघावं.